नववी ओळ

हिल्काचा कागद खिळ्याला टोचलेला असायचा,
तेलकट बोटांनी कडेला पिवळा पडलेला.
डिसेंबरात ती जहाजावर चढायची,
बोथनियाच्या आखातातला बर्फ फोडणाऱ्या,
पाच महिने इंजिनखोलीत;
आणि तिची निळी साब आमच्या शेडात,
माझ्या हवाली. मी चौदा वर्षांचा.

जाण्याआधी सगळं माझ्याकडूनच करून घेतलं.
तेल गरम असतानाच काढ, म्हणाली,
गार झालं की गाळ तळ सोडत नाही.
टाकी काठोकाठ भर. रिकाम्या जागेत घाम धरतो,
घामाचं पाणी होतं, पाण्याचा गंज.
हँडब्रेक ओढू नकोस, चिकटून बसतो; चाकाला ओंडका लाव.
बॅटरी घरात, फळीवर.
एक्झॉस्टच्या तोंडात तारेची घासणी कोंब,
उंदरांना पिल्लं घालायला तीच जागा आवडते.
वरून सुती चादर, प्लास्टिक नको.
गाडीलाही श्वास लागतो, असं काही ती म्हणाली नाही.
असलं ती बोलत नसे.
म्हणाली, ओल अडकते.

दर रविवारी गाडी ढकलायची, चाक पाव फेरा.
एका अंगावर बसून राहिला की टायर चपटा होतो.
टायरवर खडूची खूण करायची:
वर, उजवीकडे, खाली, डावीकडे.
माझा अख्खा हिवाळा त्या खुणेने मोजला.

आणि नववी ओळ, खाली दोन रेघा:
सुरू करू नकोस. पाच मिनिटांसाठी तर मुळीच नाही.

जानेवारीत एका रात्री
आई-बाबा स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होते.
ओरडत असते तर मी झोपलो असतो.
फळीवरून बॅटरी उचलली, पोटाशी धरली,
उणे सव्वीसात अंगण ओलांडलं.
शेडाचं दार सताड उघडलं,
बंद दाराआड चालू इंजिन म्हणजे मरण,
एवढं तिने आधीच बजावलं होतं.
घासणी काढली. चादर दुमडली.
आधी लाल वायर, मग काळी.
चौथ्या वेळी ती खोकली आणि लागली.

कुठे गेलो नाही. कुठे जाणार?
हीटरने थंड हवा फेकली, मग जरा कमी थंड.
रेडिओवर जहाजांसाठी बातम्या चालल्या होत्या,
कुठे बर्फ किती जाड, वारा कुठून,
एक बाई सपाट आवाजात आकडे वाचत होती.
वाटलं, हेच आकडे आता हिल्काही ऐकत असेल.
पाय उबदार व्हायच्या आतच
भीती वाटली, आणि मी किल्ली फिरवली.
सगळं होतं तसं ठेवलं. खडूची खूणसुद्धा.

मेमध्ये ती आली, कानांच्या पाळ्या सोललेल्या.
टायरवरून हात फिरवला. मान हलवली.
बॅटरी पाहिली. मग तेलाचं झाकण उघडलं.
आतून पांढरट साय धरली होती,
उतू न गेलेल्या दुधावर धरते तशी.
इंजिन नीट तापलं नाही की तेलात पाणी राहतं,
त्याची असते ती.
तिने बोटावर घेतली. माझ्याकडे बघितलं.
फडक्याला पुसली.
“जानेवारी कडक गेला म्हणतात.”
“हो,” मी म्हणालो.
त्याच दुपारी तिने पुन्हा तेल बदललं,
मी खाली घमेलं धरून बसलो,
आणि दोघांपैकी कोणी काही बोललं नाही.

पुढच्या डिसेंबरात नवा कागद.
आठ ओळी जशाच्या तशा.
नववी:
सुरू करावीच लागली तर दार उघडं ठेव.
पुरती तापू दे. अर्धा तास तरी. मध्येच उठू नकोस.
खाली रेघ नव्हती.

त्या हिवाळ्यात मी गाडी तीनदा सुरू केली.
मेमध्ये झाकण आतून कोरडं निघालं.