फुटामागं एक सूत

मेस्त्रींकडं दोन पट्ट्या आहेत.
एक दुकानात मिळते तशी, स्टीलची.
दुसरी शिसवी, कडेनं काळी पडलेली,
तिच्यावरचा फूट फुटापेक्षा एक सूत मोठा.
पहिल्यांदा बघितली तेव्हा मी म्हटलं, चुकलीय ही.
बाबालाल मेस्त्री हसले नाहीत.
"वतल्यावर लोखंड थंड हुतंय, तसं आटतंय.
म्हणून लाकडाचा पॅटर्न जरा थोरला करायचा.
मग पंप निघतोय बरोबर पंपाएवढा."

मी त्यांच्या माडीवर राहते, उद्यमनगरात.
लेथचा आवाज जिन्यानं वर येतो
आणि चहाच्या कपात थरथरतो.
बंगळूर सोडलं त्याला अकरा महिने झाले.
ना माहेर इथलं, ना सासर.
कधीतरी बस बिघडली म्हणून एक रात्र इथं काढली होती,
आणि स्टँडसमोरच्या लॉजवाल्यानं
चावी द्यायच्या आधी विचारलं होतं, "जेवलासा काय?"
एवढ्यावर कुणी शहर बदलतं का?
एवढ्यावर नाही. पण हिशेब मांडताना
हेही एका बाजूला लिहिलं होतं मी.

दुसऱ्या बाजूला चौदा वर्षं.
पगाराचा तिसरा हिस्सा.
एक मैत्रीण, जी फोनवर अजून "तिकडे कशी आहेस" विचारते,
दवाखान्यात विचारतात त्या आवाजात.
आणि ते कुणीही न ओळखणं.
एकविसाव्या मजल्यावरून खाली येताना
घटस्फोटाची फाइल छातीशी धरून उभी होते,
लिफ्टमध्ये नऊ माणसं, कुणी वर बघितलं नाही.
त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

इथं तसं नाही.
पहिल्याच आठवड्यात दूधवाल्यानं विचारलं, "कुणाच्यातल्या तुम्ही?"
पिठाच्या गिरणीत विचारलं. गॅसच्या दुकानात विचारलं.
रंकाळ्यावर शेजारच्या बाकड्यावरच्या म्हाताऱ्यानं
शेंगा सोलता सोलता विचारलं,
आणि मी "कुणाच्यातलीच नाही" म्हटल्यावर
मूठभर शेंगा पुढं केल्या,
मी कुठंतरी पडून आलेय अशा.
मला राग आला.
शेंगा खाल्ल्या.

सोमवारी उद्यमनगर बंद.
माझी नेमकी सोमवारीच पहिली मीटिंग.
सगळ्या गल्लीत मी एकटी बोलत असते,
इंग्रजीत, भिंतीशी.
खाली मेस्त्री भुसा झाडत ऐकतात
आणि दुपारी विचारतात, "मिटलं काय भांडण?"

खोटं कशाला बोलू,
काही रात्री मी नकाशावर जुनी इमारत शोधते.
वरून सगळ्या गच्च्या सारख्याच दिसतात.
मेस्त्रींना एकदा विचारायचं होतं,
धातू कुठला ते तुम्हाला आधीच माहीत असतं,
किती आटणार तेही,
पण कुणी न सांगताच ओतलं असेल तर?
विचारलं नाही.
त्यांना दोन दिवसांत व्हॉल्वचा पॅटर्न द्यायचा होता.

परवा कुरियरवाला आला, नवा पोरगा,
त्याला माझं आडनाव धड वाचता येईना.
"ह्या कोण? कुणाच्यातल्या?"
जैबूनआपा ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"आमच्यातल्याच हाईत. जा माडीवर."

मी अर्ध्या जिन्यात थांबले होते.
तिथंच सही केली, तिरकी.

खोक्यात पडदे होते.
मागवताना मापं मी जुन्या खिडकीची टाकली होती, सवयीनं.
लावले तर फरशीवर वीतभर लोळायला लागले.
मी कात्री शोधत होते, तेवढ्यात आपा वर आल्या,
कापड दोन बोटांत चुरगाळून बघितलं.
"सुती हाईत. कापतायसा कशाला?
आदी धुवा.
मग बगू, किती उरत्यात."