पाच घरांपर्यंत

पडदा आलाच नाही.
मंजूर झालाय म्हणतात, म्हणजे कागदावर
तो केव्हाचा टांगलेला आहे.
मग साईराज वल्लाकाटीनं घरून चादर आणली.
एप्रिलात सोलापुरात
चादर अंगावर घेणार तरी कोण?
दोन खिळ्यांवर मी आधुनिक कला टांगली.

घनवाद मोरावर पडला.
फोडून, उलगडून ठेवलेली ती गिटार,
तिच्या पोटातून मोराची मान वर आली
आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
मॅडम, हे बरं दिसतंय.
रागावले नाही मी. खरंच बरं दिसत होतं.

पुढचं चित्र: लाल, पिवळे, निळे चौकोन, काळे पट्टे.
मी सांगत होते,
झाड काढता काढता यांनी झाडच काढून टाकलं,
उरल्या फक्त उभ्या आणि आडव्या रेषा.
दारातून आवाज आला,
"उभा आणि आडवा.
आणखी असतंय काय अम्मा, जगात?"

लिंगय्या चिप्पा. नातीला न्यायला आलेले,
सायकलची किल्ली बोटात.
एक्केचाळीस वर्षं साखर पेठेतल्या माडीवर
ग्राफच्या कागदावर घरं भरली,
एका घरात एक ठिपका, लाल पेन्सिलीचा,
पंचिंगला जाण्याआधी दोनदा मोजून.
आता मुलगा संगणकावर दुपारीच उरकतो.
चष्मा त्यालाही लागलाच.

तेवढ्यात वीज गेली.
गिटार गेली, चौकोन गेले, मोर राहिला.

मोबाईलच्या उजेडात त्यांनी चादर उलटी केली:
तांबड्याचा हिरवा, हिरव्याचा तांबडा.
"एक घर चुकलं तर दोन चुका होतात.
पुढं एक, पाठीमागं एक.
पाठीमागची आपल्याला दिसत नाही,
झोपणाऱ्याला दिसती."

मी मानेच्या वळणाबद्दल विचारलं.
हसले. "गोल कुठंय? पायऱ्या आहेत.
लांब उभं राहिलं की गोल होतंय.
कुठं उभं राहायचं तेवढं गिऱ्हाइकाला
न सांगता सांगायचं."

मग बोट एका पिसावर थांबलं.
धागा पाच घरांच्या पुढं मोकळा सोडायचा नाही.
सहावं घर आलं की बांधायचाच,
पीस मोडलं तरी चालेल.
का?
"बाळाच्या पायातला वाळा अडकतो."

माझ्या वहीत या विषयावर बावीस पानं आहेत.
आकार आणि उपयोग, कोण आधी, कोण मागून,
कुठल्या जर्मन शाळेत खुर्ची कशी साधी झाली.
त्यात वाळा नाही.

अंधारात कुणी पंखा मारत होतं ड्रॉइंग बोर्डानं.
घामाचा, खोडरबराचा वास.
जाताना ते सहज बोलून गेले:
त्र्याऐंशी साली एका मोराचा डोळा
माझ्याकडून एक घर वर गेला.
मालकानं पाहिलं नाही, मी सांगितलं नाही.
बारा हजार चादरी गेल्या.
"तो मोर झोपत नाही, अम्मा.
लोक झोपतात, तो जागा."
हे सांगताना ते लाजले का सुखावले,
उजेड असता तर कळलं असतं.

रात्री गच्चीवर, पाणी मारूनही तापलेल्या फरशीवर,
आईच्या ट्रंकेतली जुनी चादर पसरली.
विटलेली, कडेला दोन रफू.
मोर सापडला. चोचीपासून मोजायला लागले,
सात, आठ, नऊ,
खालच्या गल्लीत माग सुरू झाले, खटॅक खटॅक,
मोजणी चुकली.
पुन्हा चोचीपासून.

उद्या अतिवास्तववाद शिकवायचा आहे.
साईराजला निरोप धाडलाय,
चादर आण, पण धुऊ नको,
आणि टांगताना
उलटी बाजू वर्गाकडे कर.