पुढे एकशे पंच्याण्णव

टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात,
कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली जन्म.
मी आधी ते वाचतो, मग मालकाचा चेहरा.

मारेइके आली तेव्हा मार्च होता,
आयफेलच्या स्लेटच्या छपरांवर बर्फाची ठिगळं,
आणि माझ्या दारात एगोनची गाडी,
ओल्या वाळूच्या रंगाची, इंजिन मागे.
एगोन नोव्हेंबरात गेला.
गाडी तेव्हापासून झाकूनच होती.

"चारही बदला," ती म्हणाली, "आणि आकडे तुम्हीच सांगा.
ही वळतच नाही हो. चाक फिरवावं
तरी नाक आपलं सरळ चालू लागतं,
हाक ऐकू न आल्यासारखं.
घाटात मुलं पुढे निघून जायची,
मी प्रत्येक वळणाला रुंद.
मला वाटायचं, हात माझाच जड आहे."

मी वाकून बघितलं. पुढे १९५, मागे २४५.
बघायची गरज नव्हती खरं तर.
हे टायर मीच चढवले होते,
आणि त्याआधीचे, आणि त्याआधीचेही.

कारखान्याने दिलेला जोड वेगळा होता,
पुढे २०५, मागे २२५,
भिंतींच्या उंचीत केसाएवढा फरक.
त्या जोडावर ही गाडी चपळ होती आणि तिरसट.
भर वळणात भिऊन पाय उचललात
की पाठ पुढे यायला निघते,
आणि मग झाडं कुठल्या बाजूला आहेत
हे नशिबावर.

तळहाताएवढा तुकडा टेकतो जमिनीला.
असे चार तळहात. बाकी सगळी हवा.

तेलकट वही काढली. सव्वीस वर्षांपूर्वीचं पान.
एगोनचं अक्षर नाही, माझंच,
पण वाक्य त्याचं होतं म्हणून मी तसंच लिहून ठेवलेलं:
*पोरीला परवाना मिळाला. पुढचे अरुंद कर, मागचे रुंद.
रिम्सचे पैसे देतो.
गाडी तिला कंटाळवाणी वाटली पाहिजे.*

तिने ते दोनदा वाचलं.
मला वाटलं, आता डोळे भरतील,
मी पुसायचं फडकं शोधू लागलो,
सगळी फडकी ग्रीसने काळी.

"विचारलं का नाही मला?" ती म्हणाली.
आवाज चढला होता.
"अठराव्या वर्षी ठीक. तिसाव्या?
चाळिसाव्या वर्षीसुद्धा माझा बाप
माझ्या पुढच्या चाकांत बसून होता?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे.
दर चार वर्षांनी तो यायचा,
मी विचारायचो, "तेच?"
तो म्हणायचा, "तेच."
आणि कॉफी घ्यायचा, साखर तीन चमचे.

शेवटी ती टाचेने पुढच्या टायरला
हलकेच ढकलत म्हणाली,
"मागचे राहू देत त्याच मापाचे.
पुढे २०५."

मी हिशेब केला. नाक आता ऐकेल,
पाठ अजून धरून ठेवेल,
आणि तपासणीवाल्याकडे मी
माझ्या पद्धतीने बोलेन.
वहीत पेन्सिलने लिहायला लागलो.
"पेनाने लिहा," ती म्हणाली.

जुने टायर दगडासारखे झाले होते,
नखाने टोचलं तर नख मागे यायचं.
तिने त्यातला एकही मागितला नाही.
हवा भरली, शिशाचे तुकडे ठोकले, नट घट्ट केले.

"पहिले शंभर किलोमीटर सबुरीने," मी सांगितलं,
"नव्या रबराला चिकटायला वेळ लागतो."
तिने मान हलवली, नुसतीच,
जशी लोक हलवतात.

माझ्या दुकानापासून चॅपलपर्यंत रस्ता सरळ,
चॅपलला लागून डावीकडे उतरतं वळण.
मी दारात उभा राहिलो, हातात हातोडी तशीच.
दर गिऱ्हाइकाला ऐकतो मी तिथे,
बहुतेकांचा आवाज आधीच उतरतो.

तिचाही उतरला, थोडासा,
चॅपलच्या अलीकडे.
मग वळणात शिरताना पुन्हा भरला,
आणि पार पलीकडच्या देवदारांपर्यंत
तसाच भरलेला राहिला.