अंगठा

झाडगाव एमआयडीसीत, कोळंबी गोठवणाऱ्या कंपनीत
मी संवाद बघते.
कार्डावर तसंच छापलंय: अंतर्गत संवाद.
आई विचारते, म्हणजे करतेस काय गो दिवसभर?
लोकांना सांगते.
काय?
ते वरून येतं.

ग्रुपचं नाव ‘आपलं घर’, सभासद दोनशे बारा.
आठला सुविचार, नऊला सेफ्टी,
वाढदिवसाला तोच केक, नाव बदलून.
बंदीच्या दिवसांत, होड्या वर ओढून शाकारल्या
की सुविचार जरा लांबतात.

सोमवारी बेलापूरहून मसुदा आला:
‘प्रिय सहकारी, आपण एका नव्या प्रवासाला निघत आहोत.’
कंपनी विकली होती.
संध्याकाळपर्यंत सात मसुदे.
तिसऱ्यात ‘काळजी नसावी’ आलं, चौथ्यात वकिलांनी काढलं.
सहाव्यात ‘कुटुंब’ गेलं.
सातव्यात ‘प्रिय’ तेवढं पहिल्यासारखं उरलं.
गुरुवारी अकराला टाकायचं, तोवर चकार शब्द नाही.

मंगळवारी सोलणीच्या हॉलमध्ये गेले, उगाच.
बर्फाच्या पाण्यात चाळीस जणींचे हात.
हवाबी वस्ता मान वर न करता म्हणाली,
‘बाय, इकलीनी ना?’
कोणी सांगितलं?
‘चायवाल्या शेवंतीन. शनवारी सायबाच्या केबिनीत
चौदा कोप जादा गेले. बिनसाखरेचे.’
शिवाय बेलापूरच्या कुणा पोरानं
जेवणाचा फोटो टाकला होता, खाली ‘नवी सुरुवात’.
बर्फखान्यातल्या मुश्ताकनं तो दोन बोटांनी ताणला,
मागच्या बोर्डावरचं नाव वाचलं
आणि पाटी भरता भरता सगळ्यांना सांगितलं.

त्या दिवशीचा सुविचार विश्वासावर होता.
मीच निवडलेला.

गुरुवारी अकराला टाकलं.
टिका निळ्या होत गेल्या,
भरती चढताना भाट्याच्या वाळूत
कुर्ल्यांची बिळं एकेक भरत जातात, तशा.
दोनशे बारा. कोणी काही लिहिलं नाही.
रेवणकर साहेबांचा फोन: रिस्पॉन्स छान आहे, शांत आहेत लोक.

मग एक अंगठा उमटला,
पिवळा, गुळगुळीत, एकही रेष नसलेला.
हवाबीचा.

हजेरीच्या यंत्राला तिचा अंगठा कधीच पटला नाही.
सव्वीस वर्षं सोलून सोलून बोटं कोरी झालीत.
यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
ती दोनदा करते, मग दारावरच्या वहीत सही,
ह केवढा तरी मोठा, पुढचं सगळं चेंगरलेलं.

जेवणाच्या सुट्टीत विचारलं, तुला पटलं ते?
‘काय ता?’
अंगठा दिलास ना.
‘नातवान दिलान असेल. नायतर ओला हात लागला.’
डब्यातला भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरलान.
‘तू लिवलंस? ऱ्हास्त लिवलंस.
पन आमचा काय, ता खालती र्‍हायला काय?’

मी स्क्रोल केलं. खरंच, खाली,
जणू असेलच.

शुक्रवारी आठला सुविचार टाकला नाही.
कॅन्टीनच्या खिडकीतून पाहत होते,
भगवतीच्या बाजूनं एक होडी परतत होती
आणि धक्क्यावरच्या बायांना तिच्या चालीवरूनच
कळलं होतं, रिकामी आहे.
त्यांनी टोपल्या उचलल्यासुद्धा नाहीत.

साडेनऊला रेवणकरांचा मेसेज:
नेट गेलंय का? सगळं ठीक?

बोटं ओली नव्हती माझी.
मी अंगठा दिला.