दीड ओळ

त्या गाण्याची मला दीड ओळ येते.
बाई गात होती एवढं नक्की, कारण कायतान
शिवणयंत्रावरचा पाय थांबवायचा
तो फक्त बाईच्या आवाजासाठी.
चाक मग आपल्या आपण
आणखी दोन फेरे घेऊन निवायचं.

कुडचड्याला, स्टेशनाच्या अलीकडे त्याचं दुकान.
समोरून खनिजाचे ट्रक नदीकडे, बार्जांकडे.
धूळ इतकी, की पांढरं कापड तो
कपाटात उलटी घडी घालून ठेवी.
रेडिओवर त्याच्या बायकोने विणलेला क्रोशाचा रुमाल,
तो कधीचा विटकरी.
सेल मंदावले की पायरीवर उन्हात मांडायचा,
सुकत घातलेल्या बांगड्यांच्या शेजारी.
राखणीला मी, हातात फूटपट्टी.
कावळे सेल नेत नाहीत
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी फर्माईशी.
आधी नावं, सावकाश, पोस्टकार्डावरून वाचलेली:
पंचवाडीहून क्लेमेंतीन,
बाळ्ळीहून शाबी, पुंडलीक आणि घरची सगळी मंडळी,
शेळवणहून नुसताच एक श्रोता.
शाळेत माझी मराठी, गाण्यांत कोंकणी,
घरी भांडणाप्रमाणे दोन्ही.
मग गिटार. मग ती:
*तुज्या सायकलीची घांट…*
आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर
एक भोंगा. आखूड, जरासा बेसूर, दोनदा.

त्या भोंग्यासाठी मी चाळीस वर्षं
ते गाणं शोधतो आहे.
जो कुणी वादक असेल, त्याला
एवढ्या नाजूक जागी एवढं रांगडं वाजवायचं
धाडस झालंच कसं?
ओळखीच्या बँडवाल्यांना गुणगुणून दाखवलं.
त्यांनी मान तिरपी करून ऐकलं,
एकाने माझ्या तब्येतीची चौकशी केली.
कायतानचा मुलगा कुवेतहून फोनवर म्हणाला,
पाय गाण्यासाठी नव्हे, गुडघा दुखायचा म्हणून थांबायचा.

पंचवाडीला गेलो. क्लेमेंतीन सापडली,
चष्म्याला दोरी, मांडीवर सोललेला लसूण.
म्हणाली, "पद? पद कोण आयकतालो?
म्हजें नांव आयकूंक हांव कार्डां घालताली."
नाव झालं की उठून डुकरांना पेज घालायला जायची.
मी तिला तिचं नाव
निवेदकाच्या आवाजात म्हणून दाखवलं,
जमेल तसं.
तिने लसूण बाजूला ठेवला.
परत म्हणायला लावलं.

परवा मडगावात, मुलीच्या फ्लॅटखाली,
तिन्हीसांजेला पाठीमागून तोच भोंगा.
आखूड, जरासा बेसूर, दोनदा.
मी वळायच्या आधी माझे पाय धावले होते,
हात खिशात चार आणे चाचपत होता.
सायकल, निळं प्लास्टिक, खाली टोपलीत उंडे.

म्हणजे ते गाणं मी कधी पुढे ऐकलंच नव्हतं.
दर संध्याकाळी त्या दीड ओळीवर पदेर यायचा
आणि मी पायरी उतरून पळत सुटायचो,
आईने सांगितलेले चार उंडे, एक जास्त भाजलेला,
परत येईपर्यंत बातम्या.
अर्धी ओळ तिची. अर्धी पावाची.

आता कुणी ते गाणं धुऊनपुसून
माझ्या हातात ठेवलंच,
तर तिथे भोंगा नसेल,
आणि ती बाई सरळ पुढे गात जाईल
मला अनोळखी अशा तिसऱ्या ओळीत.
ऐकेन, की बंद करेन, सांगता येत नाही.

पदेर कोवळा पोरगा, बेळगावकडचा.
किती देऊ म्हणाला.
मी म्हटलं, थांब, आधी एकदा वाजव.
त्याने माझ्याकडे पाहिलं
आणि वाजवला.
तिसऱ्या मजल्यावरची बाई पिशवी घेऊन खाली आली.