पोच

हार्लिंगनच्या धक्क्यावर कंटेनर उघडला
तेव्हा आधी वास आला, उंदरांचा, भिजल्या कातड्याचा.
कस्टमवाल्याने कागदावर लिहिलं : जुना माल, चालत नाही.
वीबे म्हणाला, चालेल.

मग तीन हिवाळे.
दारांच्या पोटातून निघाली माँटेव्हिडिओची वाळू,
सीटखालून एक इवलासा मोजा.
कार्ब्युरेटर ट्यूरिनहून आला. एक स्क्रू कुठूनच येईना,
तो त्याने लेथवर स्वतः कातला.
डाव्या मडगार्डचा पोचा तेवढा हट्टी :
आतून लाकडी ठोकळा, बाहेरून हातोडी,
अख्खा फेब्रुवारी टक टक,
येल्ट्ये ओरडायची, सूप गार झालं.

रंग वाळला त्या आठवड्यात पत्र आलं
ओफेलियाबाईंचं, कापऱ्या अक्षरात :
गाडी मुलाने विकली, मी नाही.
बाकी हवं ते बदला,
डावीकडचा पोचा असू द्या.
इस्पितळाच्या फाटकाचा आहे तो,
आमची एल्विरा झाली त्या रात्रीचा.
पत्राची पोच द्यावी.

येल्ट्येने शब्दकोश घेऊन दोनदा वाचून दाखवलं.
वीबे गॅरेजमध्ये गेला, दिवा न लावता,
मडगार्डवरून तळवा फिरवत राहिला.
काम चोख झालं होतं.
कुठे होता, तेही हाताला लागेना.