वाळेपर्यंत

बाटलीवरची बारीक अक्षरं
मी एकवीस वर्षांत एकदाही वाचली नव्हती.
रंग दिसला की हात आपोआप चालतो:
चीर द्यायची तिथून सुरू, गोल गोल बाहेर,
गेलेल्या वाटेनं फडकं परत आणायचं नाही.
ओ.टी.तल्या पोरींना मी हेच शिकवलं.
सडा टाकतो तसं नाही गं,
सारवतो तसं.

यमुनाबाई निमजे, वय अठ्ठावन्न, राहणार तांडापेठ.
पिशवी काढायची होती.
टेबलावर घेताना तिची बोटं पाहून
भुलीचे डॉक्टर दचकले, नखं निळी का?
ती म्हणाली, सूत रंगवतो जी आम्ही.
निळं तर दिवाळीपर्यंत निघून जाते,
लाल निघत नाही.

त्या दिवशी बाहेर सत्तेचाळीस.
मेडिकलच्या गच्चीवर टाकलेली चादर
दुसरी टाकेपर्यंत कडक होत होती,
डांबर चपलेला धरून ठेवत होतं,
आणि आत, एसीच्या गारठ्यात,
पोटावर दिलेला तपकिरी हात
वाळायला तीन मिनिटं मागत होता.
यादीत अजून चार नावं होती.
मी जरा जास्तच ओतलं. चांगल्यासाठीच.
जास्त म्हणजे जास्त स्वच्छ,
फिनाईलबाबत माझ्या आईचंही हेच मत होतं.

कमरेच्या बाजूनं एक ओघळ गेला.
मी पाहिला.
हिरव्या कापडाखाली दिसेनासा झाला,
म्हणून संपला असं समजले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी टाके पाहिले.
टाके सुरेख. ताप नाही, पू नाही.
ती म्हणत होती, पाठ जळून राहिली.
भुलीच्या सुईनं होतं, म्हटलं कोणी.
उन्हाळा आहे, म्हटलं कोणी.
रेक्झिनच्या गादीनं घाम येतो, हे मीच म्हटलं.

रात्री कुशीवर वळवली तेव्हा दिसलं:
कमरेच्या खोलगट जागी
चादरीच्या चुणीसकट उमटलेला डाग,
कडेला फोड, मधे सोललेलं.
माणसाच्या पाठीवर इतकी नीट घडी
मी कधी पाहिली नव्हती.

मग ड्यूटी रूमच्या ट्यूबखाली
बाटली डोळ्यांजवळ धरली.
खाज. लाली. क्वचित पुरळ.
थायरॉईडचा त्रास असल्यास सांगावे.
द्रव अंगाखाली साचू देऊ नये.
साचू देऊ नये, हे
मुंगीएवढ्या अक्षरांत, बॅच नंबरच्या वर,
एकवीस वर्षं माझ्या मुठीत.

तिला सांगितलं. आधी सगळं नाही;
औषधाची रिअ‍ॅक्शन, एवढंच.
मग ड्रेसिंग करताना तोंडातून निघालं,
मीच ओतलं होतं, बाई.

ती पालथी होती. उशीतूनच बोलली:
"कढईतून लडी काढली का पिळा लागते.
नाही तं रंग खाली उतरते,
आन् जिथं साचते तिथं सूत कुजते.
माही सासू हातावर मारे.
तुमाले कोनी मारलं नाही काहून?"

मला हसू आलं. मग कापूस ओला केला,
फक्त सलाईननं,
आणि पिळला.

डिस्चार्जच्या दिवशी तिनं माझे हात उलटेपालटे केले.
दिवसातून चाळीसदा धुऊन
बोटांच्या बेचक्या फाटलेल्या,
कणीक मळताना मीठ झोंबतं त्या.
"तुमचाबी रंग उतरून राहिला," म्हणाली.
जवसाचं तेल लावा म्हणाली.
लावलं. पोळ्यांना वास येतो.
फरक विशेष नाही.

आता मी दोन्ही बाजूंना टॉवेल खोचते,
ओला झाला की ओढून काढते,
आणि घड्याळाकडे पाहत उभी राहते.
स्पिरिटचं असलं तर जास्तच,
त्याला एक ठिणगी पुरते.
डॉक्टर बोटांनी ट्रे वाजवतात.
झालं का, सिस्टर?
वाळतंय, म्हणते.
अजून दीड मिनिट.